विलायतेतला कप आणि पुण्याचं बोळकं

(परभणी इथल्या युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'खेळाडू आणि परदेश'. विषय ऐकून मघाशी मागं एकदोघं हसले. परभणीत बसून परदेशावर काय बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. पण परदेश आपल्याला विमानानं दाखवलेला नाही. आपला आज्जा गावच्या वेशीतनं आत शिरायचा तेव्हा तो परमुलखातच शिरायचा. कुठल्या वाटेनं चालायचं, कुठं थांबायचं, पाणी कुणाच्या हातून किती उंचीवरनं घ्यायचं, कुठं बोलायचं आणि कुठं मुकाट ऱ्हायचं, हे सगळं शिकूनच त्याला दिवस काढावा लागायचा. त्याच्यापाशी पासपोर्ट तेवढा नव्हता.

आज बोलायचं कारण असं. आपल्या मंडळातली एक पोरगी, पूर्णा तालुक्यातली, ८०० मीटर पळणारी, पुढल्या महिन्यात अमेरिकेला चाललीय. तिथल्या एका कॉलेजनं तिला पळण्यावर शिष्यवृत्ती दिलीय. नाव घेऊ नका म्हणालीय, म्हणून घेत नाही. मागल्या बैठकीत तिनं एक प्रश्न विचारला आणि आपण तासभर भांडलो. तिनं विचारलं, "तिथं गेल्यावर जात सांगायची का नाही?" एक जण म्हणाला, तिथं कोण विचारतंय? दुसरा म्हणाला, पहिल्याच दिवशी छाती ठोकून सांग. तिसरा म्हणाला, गप बस, पळ, पदक आण, पदकाला जात नसते.

ह्या तिघांनाही मला उत्तर द्यायचंय. त्यासाठी एका माणसाची हकिगत सांगतो. तो शंभराहून जास्त वर्षांपूर्वी खेळाडू म्हणून विलायतेत उतरला होता. क्रिकेटच्या मोठाल्या गप्पा हाणणाऱ्या आपल्या पोरांपैकी किती जणांना त्याचं नाव माहीत आहे? पालवणकर बाळू.

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरनं आलेलं. जात चांभार. बाप लष्करात नोकरीला. पुण्यात आल्यावर पोरगा साहेब लोकांच्या मैदानावर कामाला लागला. आधी पारशांच्या क्लबात, महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात, महिना चार रुपये. काम काय? खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेबाला सराव हवा असला की त्याला चेंडू टाकायचा. तासन्‌तास टाकायचा. डाव्या हातानं फिरकी टाकता टाकता हा पोरगा असा तयार झाला की साहेबांना त्याला खेळणं जड जायला लागलं. पण त्या सगळ्या वर्षांत त्याच्या हातात कुणी बॅट दिली नाही. बॅट साहेबाची आणि चेंडू नोकराचा, अशी ती वाटणी होती. पुढं वयाची तिशी उलटली तरी बाळू फलंदाज म्हणून तळालाच राहिला. 'उपजत गुण' म्हणतात ना, त्यातलं अर्धं हे असं असतं. ज्या कामाला जुंपलं त्यातच माणूस वाकबगार होतो.

मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांशी सामना जिंकायचा होता. त्यांना बाळू हवा होता. पण बाळू शिवायचा कसा? तोड काढली. मैदानात तो टाकेल त्या चेंडूला सगळ्यांनी हात लावायचा. मैदानाबाहेर मात्र त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या बोळक्यातनं. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे! असलं शास्त्र ह्याच देशात निघू शकतं.

त्याच काळातलं पुणं बघा. १८९० साली काही मोठी मंडळी पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा प्याली, म्हणून केवढा गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यानं शेवटी प्रायश्चित्त घेतलं. चहाच्या एका कपापायी शहर पेटत होतं. त्या शहरात हा चांभाराचा पोरगा बोळकं फोडून परत मैदानात जात होता आणि विकेटी काढत होता.

पुढं बाळू मुंबईला गेला, रेल्वेत नोकरीला लागला, हिंदू जिमखान्याकडनं खेळायला लागला. १९०६ साली हिंदूंच्या संघानं युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूचा हात मोठा होता. तोवर जिमखान्यातल्या मंडळींनी त्याला बरोबर बसवून जेवू घालायला सुरुवात केली होती. लगेच वर्तमानपत्रांतनं कौतुक सुरू झालं की बघा, हिंदू समाज किती उदार झाला. विकेटी घेतल्या बाळूनं आणि मोठेपणा मिळाला पंगतीत जागा करून देणाऱ्यांना. हे लक्षात ठेवा. हे आजही चालतं.

आता १९११ साल. अख्ख्या हिंदुस्थानचा म्हणून पहिला क्रिकेट संघ विलायतेला निघाला. त्या वेळी आपली परभणी निजामाच्या राज्यात होती, आणि गोदावरीच्या खोऱ्यातली रेल्वे आपल्याकडं येऊन दहाबारा वर्षंच झाली होती. संघात पारशी, हिंदू, मुसलमान, आणि कप्तान कोण? पतियाळाचा महाराजा भूपिंदरसिंग, वय १९. संघातला सगळ्यात भरवशाचा गोलंदाज कोण? बाळू, वय ३५. बरोबर त्याचा धाकटा भाऊ शिवराम.

सनातनी लोकांची त्या काळी एक समजूत होती की समुद्र ओलांडला की जात बुडते. आपल्या माणसाला ती ऐकून केवढा आनंद झाला असेल! बुडू दे की. पण बुडाली नाही. ती कुणाच्या पेटीत, कुणाच्या डोक्यात बसून बोटीतनं गेली आणि त्याच बोटीनं परत आली.

विलायतेत उतरल्यावर काय झालं? महाराजा राज्यारोहणाच्या सोहळ्यात आणि मेजवान्यांत रमला, थोडेच सामने खेळला. संघ गावोगाव फिरत राहिला. २३ सामने झाले, ६ जिंकले, १५ हरले. सगळा भार बाळूच्या खांद्यावर. त्या दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ जण काढले. लेस्टरशायरला हरवलं, त्यात ११ बळी बाळूचे. सॉमरसेटला टॉन्टनला एका गड्यानं हरवलं, तिथं शिवरामनं नाबाद शतक ठोकलं. पस्तिशीतला माणूस, परका मुलूख, परकी खेळपट्टी, आज इथं तर परवा तिथं, आणि रोज चेंडू टाकायचा. नव्या मुलखात उतरलेल्या खेळाडूचं पहिलं काम हेच असतं. शरीर त्या मातीला लावून घ्यायचं. बाळूला ते जमलं, कारण माती कशी वागते हे त्यानं रोलर ओढून शिकलं होतं.

आणि चहा? इंग्रजांच्या पॅव्हेलियनात मातीचं बोळकं नव्हतंच. कप होता, आणि बाळूसाठी वेगळा काढून ठेवायला तिथं कुणाला कारण नव्हतं.

इथं आपले काही मित्र टाळ्या वाजवतात. म्हणतात, बघा, इंग्रज किती चांगले! थांबा जरा. त्याच १९११ च्या उन्हाळ्यातलं तेच इंग्लंड बघा. जगाचा हेवीवेट मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन लंडनमध्ये होता. काळा माणूस, अमेरिकेतल्या गुलामांचा पोरगा. त्याची एका गोऱ्या इंग्रजाशी लढत ठरली. काळ्यानं गोऱ्याला सगळ्यांसमोर लोळवलं तर साम्राज्यातल्या बाकीच्या काळ्यांच्या डोक्यात काय शिरेल? एवढ्या भीतीपायी पाद्री ओरडले, पुढारी ओरडले, आणि गृहमंत्री चर्चिलनं ती लढत होऊ दिली नाही. त्याच ऑगस्टमध्ये उन्हानं इंग्लंड भाजून निघत होतं. गोदी कामगार आणि रेल्वे कामगार संपावर होते. लिव्हरपूलमध्ये आणि लनेल्लीमध्ये सरकारनं सैन्य आणलं, गोळ्या घातल्या, माणसं मेली. बाळू स्वतः रेल्वेचा नोकर होता. म्हणजे ज्या देशात त्याला कप मिळाला, त्या देशात काळ्या मुष्टियोद्ध्याला रिंगण मिळालं नाही आणि रेल्वेच्या कामगाराला पोटभर मजुरी मिळत नव्हती. प्रत्येक देशाचं आपलं एक बोळकं असतं. ते कुणापुढं ठेवतात हे उतरल्या उतरल्या शोधून काढायचं.

बाळू परत आला. मुंबईत अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला. हिंदूंच्या संघानं मात्र इतक्या वर्षांत त्याला कप्तान केलं नाही. १९२० मध्ये तर त्याला संघातनंच वगळलं आणि धाकट्या विठ्ठलला कप्तानपदापासून डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघा भावांनी जाहीर पत्र काढून संघावर बहिष्कार घातला. आम्ही खेळू, पण जातीवरनं खाली बसवलेलं चालणार नाही, असा तो पवित्रा होता. ओरड झाली, तेव्हा बाळूला परत घेतलं आणि उपकप्तान केलं. पुढं १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाला आणि त्यानं युरोपियनांना हरवलं. विठ्ठलनं मराठीत आत्मचरित्र लिहिलंय, 'माझे क्रीडा-जीवन', १९४८ चं. आपल्या वाचनालयात ते पाहिजे.

बाळू विलायतेतनं येऊन दोन वर्षं झाली आणि दुसरा एक जण समुद्र ओलांडून गेला. १९१३ चा जुलै, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. वय २२. बाबासाहेब. तेही आधी हार्टले हॉल ह्या वसतिगृहात राहिले, मग जागा बदलली, मग लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना ह्या पारशी मित्राबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. नवा माणूस परमुलखात कसा रुजतो ते ह्यात दिसतं. एक खोली, एक मित्र, एक ग्रंथालय, आणि अभ्यास. आणि मग १९१७ चं बडोदं. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय की युरोप-अमेरिकेतल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती, ती स्टेशनावर उतरताच परत आली. राहायला जागा नाही. नाव लपवून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात. परदेशात रुजणं अवघड असतंच. पण परत येणं त्याहून अवघड, हे आपल्याला बडोद्यानं शिकवलंय.

आता काही जण मनात म्हणत असतील, बाळूचं एवढं कौतुक काय करताय? पुणे करारावर सही करणारा तो, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाबासाहेबांसमोर उभा केलेला उमेदवारही तोच. खरं आहे. ते लपवायचं नाही. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. बाबासाहेब निवडून आले. बाळूचा चेंडू त्याचा स्वतःचा होता, कुणाच्या मेहेरबानीनं वळत नव्हता. राजकारणात मात्र त्याचं नाव दुसऱ्यांनी वापरलं. ज्यांनी त्याला पंगतीत बसवलं त्यांना पुढं मतपेटीत तो हवा होता. खेळाडू मोठा झाला की त्याचा फोटो कुणाच्या भिंतीवर लागतो, इकडं लक्ष ठेवा. बाळू आपला आहे, त्याच्या विकेटी आपल्या आहेत, आणि त्याचं १९३७ हा आपल्यासाठी धडा आहे. तिन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवायची ताकद चळवळीत पाहिजे.

आणखी एक माणूस सांगतो, मग पोरीच्या प्रश्नाकडं येतो. लिअरी कॉन्स्टंटाइन. त्रिनिदादचा काळा क्रिकेटपटू, गुलामांचा नातू. १९२९ मध्ये तो इंग्लंडातल्या नेल्सन ह्या गिरणगावात पगारी खेळाडू म्हणून गेला. गावात काळी माणसं जवळपास नाहीतच. पोरं रस्त्यात टक लावून बघायची, शिव्यांची पत्रं यायची. त्याला परत जावंसं वाटलं. बायको नॉर्मा म्हणाली, राहायचं. दोघं राहिले. गिरणीकामगारांच्या त्या गावाशी त्यांनी इतकं जमवलं की त्याच्या नऊ मोसमांत नेल्सननं सात वेळा लीग जिंकली. पण गावानं डोक्यावर घेतलं म्हणून लंडन बदललं नाही. १९४३ मध्ये एका मोठ्या हॉटेलानं त्याला काळा म्हणून ठेवून घेतलं नाही. त्यानं काय केलं? कोर्टात खेचलं, आणि १९४४ मध्ये जिंकला. ह्याला म्हणतात परदेशात रुजणं. शेजाऱ्याशी दोस्ती आणि अपमान करणाऱ्याशी खटला. दोन्ही एकाच माणसानं केलं.

आता तिघांना उत्तरं.

'तिथं कोण विचारतंय' म्हणणाऱ्याला सांगतो, गोरा विचारणार नाही, आपलाच देशी भाऊ विचारेल. मी पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, कबड्डी खेळायचो. खेळावर नोकरी लागली आणि मराठी न बोलणाऱ्या एका शहरात जाऊन पडलो. पहिले दोन दिवस सगळे "आओ भाई, बैठो भाई". तिसऱ्या दिवशी जेवताना एकानं विचारलं, "भाई, पूरा नाम क्या है?" मी सांगितलं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासनं पाण्याची माझी बाटली माझ्याच कॉटवर आणून ठेवलेली असायची. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. फक्त बाटली कॉटवर. अमेरिकेतही 'पूरा नाम' विचारणारे पोचलेत. म्हणून तर २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहरानं जातीवरनं भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. जात तिथं नसती तर कायदा कशाला लागला असता? त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसाच कायदा विधिमंडळानं मंजूर केला, तर तिथल्या गव्हर्नरनं तो अडवला. म्हणजे भांडण तिथंही चालूच आहे.

'पहिल्याच दिवशी छाती ठोकून सांग' म्हणणाऱ्याला सांगतो, बाबा, तू इथं बसलायस, ती तिथं एकटी असणार. कुणाला, केव्हा, किती सांगायचं हे तिनं ठरवायचं. आपण तिच्या तोंडात घोषणा कोंबायच्या नाहीत.

आणि 'पदकाला जात नसते' म्हणणाऱ्याला सांगतो, बाळूच्या ११४ बळींना विचार.

तर पोरी, तुला माझं सांगणं एवढंच. नाव बदलू नकोस, आडनाव गिळू नकोस. खोटं सांगून मिळालेली खोली अकराव्या दिवशी सुटते. विचारलं तर ताठ मानेनं खरं सांग, विचारलं नाही तर पळण्यावर लक्ष दे. आता कामाच्या गोष्टी ऐक. शिष्यवृत्तीचा कागद ओळ न्‌ ओळ वाच. तिथल्या पुष्कळ कॉलेजांची खेळाची शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असते आणि दर वर्षी नव्यानं द्यायची असते. पाय दुखावला तर काय, ते आत्ताच लेखी विचार. विद्यार्थी व्हिसावर रीतसर परवानगीशिवाय बाहेर कुठंही काम करता येत नाही. कॉलेजच्या आवारातलं काम चालतं, तेही कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच. कुणी गोड बोलून दुकानात राबायला बोलावलं तर जाऊ नको, व्हिसा जाईल. थंडीत पहिले दोन महिने अंग कुरकुरेल, भाकर आठवेल, रडू येईल. येऊ दे. वसतिगृहात काळ्या पोरी असतील, मेक्सिकोच्या, केनियाच्या असतील. त्यांच्याबरोबर जेवायला बस. त्यांना त्यांच्या आज्जीची गोष्ट विचार, तुझी सांग. तुझा भथेना तुला कुठं भेटेल काय माहीत, पण खोलीचं दार लावून बसलीस तर भेटणार नाही.

आणि आपल्या मातीतलं पाऊल तिथं कमी पडतं असं समजू नकोस. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, महार रेजिमेंटचा जवान. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात सराव करून २०२२ ला बर्मिंगहॅमला गेला आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या दोघांच्या मध्ये घुसून रौप्य घेऊन आला. सेकंदाच्या विसाव्या भागानं सोनं हुकलं. कोरडवाहू मुलखातलं पाऊल आहे ते.

आता तुम्हा सगळ्यांना. पोरगी ज्या परभणी स्टेशनावरनं गाडीत बसणार, त्याच स्टेशनासमोर १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. नंतर शहरात काय काय झालं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला कोठडीत मेला. ती ह्या गावातनं जातेय, आणि ह्याच गावात परत येणार आहे. तिला परदेशात कसं राहायचं ते आपण शिकवतोय. पण ती परत येईल तेव्हा गाव कसं असेल, ह्याची जबाबदारी तिची नाही, आपली आहे.

म्हणून तीन कामं आज इथंच ठरवा. एक, तिच्या जाण्याच्या खर्चात जे कमी पडतंय ते वस्तीवस्तीतनं जमवायचं. कुठल्या पुढाऱ्याच्या पाकिटातनं घ्यायचं नाही, नाहीतर उद्या तिचा फोटो त्याच्या बॅनरवर. दोन, दर महिन्याला एकानं तिला सविस्तर पत्र लिहायचं. फोनवर "कशी हैस, बरी हैस" एवढंच होतं, पत्रात माणूस बोलतो. तीन, ती येईल त्या दिवशी स्टेशनावर जायचं. पदक आणलं असलं तरी, नसलं तरी.

जय भीम.